आधी बायोस, मग प्रोसेसर

रविवारी जोहरची नमाज पढून घरी आलो तर मुलगा फरशीवर मांडी घालून बसला होता. समोर कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडं. आतले पंखे फिरत होते, दिवे लागले होते, स्क्रीन मात्र काळी.

"अब्बा, कुछ नहीं आ रहा. बोर्ड गया शायद."

२०१९ साली माझ्या भाच्याने तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून हा कॉम्प्युटर घरीच जोडून दिला होता. बी-४५० मदरबोर्ड आणि त्यावर एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर. मुलगा त्यावर गेम खेळतो, हे माझ्या घरातलं जुनं भांडण. या वेळी त्याने दोन वर्षांची ईदी आणि सुट्टीतल्या कामाचे पैसे साठवून रायझन ५ ५६०० विकत घेतला. जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. आणि काळी स्क्रीन. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. अभ्यास सोडून हे धंदे केले की असंच होणार, एवढा त्याचा सारांश.

ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला : "सर, बायोस कधी अपडेट केला होता?" कधीच नाही, असं सांगितल्यावर तो हसला. "बोर्ड गेला नाही, सर. तो २०१९चा, प्रोसेसर २०२२चा. बोर्डाला हा माणूस ओळखूच येत नाही. जुना प्रोसेसर परत बसवा, बायोस नवा करा, मग हा लावा."

तसं केलं आणि कॉम्प्युटर चालू झाला. पण त्या संध्याकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जाईना. यंत्राचा मेंदू बदलण्याआधी यंत्राला तो मेंदू वाचायला शिकवावं लागतं, हा क्रम आला कुठून? शोधत गेलो तेव्हा धागा आपल्या पुण्यातच, गणेशखिंडीपर्यंत पोहोचला.

कोरीव लेख ते तख्ती

आधी बायोस म्हणजे काय ते पाहू. कॉम्प्युटर सुरू होतो त्या क्षणी विंडोज वगैरे काहीच जागं नसतं. मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी चिप असते. तिच्यातला मजकूर प्रोसेसर सर्वात आधी वाचतो. मेमरी किती, डिस्क कुठे, प्रोसेसर कोणता, त्याला वीज किती द्यायची, ही सगळी ओळखपाळख त्या मजकुरात असते. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधल्या या प्रकाराला फर्मवेअर हा शब्द १९६७ साली ॲशर ऑप्लर यांनी वापरला. बायोस हे नाव १९७०च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम प्रणालीतल्या एका भागाला दिलं होतं.

१९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याचा बायोस अवघा ८ किलोबाइटचा होता आणि तो रॉम चिपमध्ये कायमचा भरलेला होता. दगडातल्या कोरीव लेखासारखा. आयबीएमने त्याची संहिता तांत्रिक पुस्तिकेत छापली होती, पण हक्क स्वतःकडे ठेवले होते. कॉम्पॅक कंपनीने युक्ती काढली. एका गटाने तो वाचून तो काय काम करतो एवढंच लिहून काढलं आणि मूळ संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा बायोस लिहिला. १९८४ साली फिनिक्स कंपनीने असाच बायोस तयार करून इतरांना विकायला सुरुवात केली. १९८५ साली अमेरिकेत सुब्रमण्यन शंकर यांनी एका भागीदारासह अमेरिकन मेगाट्रेंड्स स्थापन केली. तिचा एएमआय बायोस पुढे जगभरच्या मदरबोर्डांवर गेला. घरी बसून सुट्या भागांचा कॉम्प्युटर जोडता येतो, त्याची मुळं या घडामोडींत आहेत. पीसीचं पहिलं पान एकाच कंपनीच्या ताब्यात राहिलं असतं, तर तपकीर गल्लीत सुटे मदरबोर्ड विकायला आलेच नसते.

कोरीव लेख पुसता येत नाही. म्हणून पुढे इप्रॉम चिप आल्या. त्यांच्या पाठीवर काचेची खिडकी असे. तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला की जुना मजकूर पुसला जाई आणि नवा लिहिता येई. हे वाचताना मला उर्दू मकतबातली लाकडी तख्ती आठवली. पोरं बोरूने त्यावर लिहायची, मग धुऊन मुलतानी मातीचा हात फिरवायची, वाळवायची आणि पुन्हा लिहायची. १९९०च्या दशकात फ्लॅश चिप आली आणि चिप बोर्डावरून न काढताच तख्ती पुसून लिहिता येऊ लागली.

याच काळात प्रोसेसर बदलण्याची सोयही घराघरांत आली. इंटेलच्या ४८६च्या जमान्यात दांडी उचलली की प्रोसेसर अलगद सुटेल असं सॉकेट आलं. जुन्या यंत्रात बसवायला इंटेल 'ओव्हरड्राइव्ह' नावाने वेगळे प्रोसेसर विकत असे. तेव्हा नव्या प्रोसेसरचा वेग आणि विजेचा दाब बोर्डाला माणूस सांगायचा, जंपर नावाच्या बारीक टोप्या इकडून तिकडे लावून. पुढे हे काम बहुतांशी बायोसने स्वतःकडे घेतलं.

तख्ती पुसता येते, म्हणजे ती कुणीही पुसू शकतो. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने हे दाखवून दिलं. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला हा व्हायरस डिस्कवरचा मजकूर तर उडवायचाच, पण काही बोर्डांवर थेट बायोसच्या चिपवर कचरा लिहायचा. कोरिया आणि तुर्कस्तानात त्याने मोठं नुकसान केलं, भारतातही कॉम्प्युटर बंद पडले. पहिलं पानच गेल्यावर बटण दाबून उपयोग काय? चिप काढून दुसरीकडून भरून आणणं किंवा बोर्ड बदलणं, एवढेच मार्ग उरले.

गणेशखिंडीतली अदलाबदल

आता पुण्याकडे येऊ. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या क्रे कंपनीचा महासंगणक हवा असेल तर अमेरिकी सरकारचा निर्यात परवाना लागायचा. हे यंत्र अणुसंशोधनातही वापरता येतं म्हणून भारताच्या मागण्यांवर बंधनं येत. हवामानाच्या अंदाजासाठी क्रे मिळाला, तोही अटींसकट. या पार्श्वभूमीवर मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्राची स्थापना झाली. विजय भटकर यांच्याकडे सूत्रं होती. मुदत तीन वर्षं, पैसे तीस कोटी. १९९१ साली परम ८००० तयार झाला. परम म्हणजे सर्वश्रेष्ठ, आणि इंग्रजीत 'पॅरलल मशीन'चं लघुरूपही.

त्यात एकच महाकाय मेंदू नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर होते. प्रत्येकाला शेजाऱ्याशी बोलायला चार वाटा. असे २५६ एकत्र जोडले की कागदावरचा कमाल वेग सेकंदाला १०० कोटी गणितं, म्हणजे एक गिगाफ्लॉप. एका प्रोसेसरला न पेलणारं काम अनेकांत वाटून घ्यायचं, ही कल्पना.

खरी गंमत पुढे आहे. ट्रान्सप्युटर बोलण्यात हुशार, पण मोठ्या गणितात लवकरच मागे पडू लागला. इंटेलचा आय-८६० आला, तो गणितात त्याच्या कितीतरी पुढे. सी-डॅकने काय केलं? जुन्याला हाकललं नाही. पुढच्या परम ८६०० मध्ये गणिताचं काम आय-८६० कडे दिलं आणि निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटरकडेच ठेवली. यंत्राची बोलण्याची रीत तीच राहिली, हिशेब करणारा बदलला.

१९९४च्या परम ९००० मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. रचनाच अशी केली की आत वेगवेगळे प्रोसेसर बसावेत. एका रूपात सुपरस्पार्क, दुसऱ्यात अल्ट्रास्पार्क, तिसऱ्यात अल्फा. १९९८ साली परम १०००० आला, त्याची पूर्ण वाढवलेली कमाल क्षमता १०० गिगाफ्लॉप. २००८ साली ५४ टेराफ्लॉपचा परम युवा आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये परम युवा-२ जाहीर झाला, तेव्हा क्षमता ५२४ टेराफ्लॉपवर गेली होती. तीन महिने आणि सोळा कोटी रुपये एवढ्यात हे झालं, आणि विजेचा वापर आधीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी असल्याचं सांगितलं गेलं.

पहिल्या यंत्राला तीन वर्षं लागली होती, याला तीन महिने. यंत्राला नव्या पाहुण्याची ओळख कशी करून द्यायची, जुने प्रोग्रॅम नव्यावर कसे चालते ठेवायचे, हे शिकलेली माणसं मधल्या काळात तयार झाली होती. परमसाठी सी-डॅकने 'पारस' नावाचं प्रोग्रॅमिंगचं वातावरण स्वतः लिहिलं होतं. प्रोसेसर परदेशातूनच येत होते. पण त्यांना कामाला लावणारा मजकूर इथे लिहिला जात होता.

माझ्या मुलाच्या हातातला तो प्रोसेसर, चार सेंटिमीटरचा चौकोन, कागदावरच्या कमाल वेगात परम ८००० च्या शेकडो पट आहे. परम १०००० च्या आकड्यालाही तो मागे टाकतो. हे कळल्यावर मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "मग ते लोक त्यावर काय खेळायचे?" हवामान, तेलाचे साठे, विमानाच्या पंखावरून जाणारी हवा, असं बरंच काही मी सांगत राहिलो.

अक्षरांचं कार्ड

याच सी-डॅकमध्ये आणखी एक काम चाललं होतं, आणि भाषा शिकवणारा माणूस म्हणून ते मला जास्त जवळचं वाटतं. सुरुवातीच्या पीसीमध्ये अक्षरांचे आकारसुद्धा रॉम चिपमध्ये भरलेले असत, आणि ते रोमन असत. देवनागरी त्या यंत्राच्या पहिल्या पानावर नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामाचा धागा घेऊन मोहन तांबे पुण्याला आले आणि सी-डॅकमध्ये जिस्ट कार्ड तयार झालं. पीसीच्या खाचेत हे कार्ड बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायची. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानकही ठरलं.

त्या मानकात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्या एका सूत्रात बसल्या. उर्दूची फारसी-अरबी लिपी त्यात नव्हती, तिच्यासाठी वेगळा संकेत करावा लागला. उर्दूचा नस्तालिक तर आणखी अवघड. शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरतो, अक्षराचा आकार शेजाऱ्यावर ठरतो. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसोबत नूरी नस्तालिक यंत्रावर आणला, तोही हजारो जोडाकृती हाताने लिहून. तोवर, आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं, उर्दू वर्तमानपत्रं कातिबच्या हातावर चालत होती. यंत्र कितीही वेगवान असू दे, त्याला तुमची ओळख कुणीतरी बसून शिकवावी लागते. मराठीला ते लवकर मिळालं, उर्दूला उशिरा.

सोळा मेगाबाइटची जागा

आता पुन्हा आमच्या बी-४५० बोर्डाकडे. एएमडीने हे एएम-४ सॉकेट आणलं तेव्हा २०२० पर्यंत त्याला साथ देऊ असं म्हटलं होतं. पहिले रायझन मार्च २०१७ मध्ये आले. प्रत्येक पिढी आली की बायोसमध्ये तिची ओळख भरायची. २०१८ साली तर एक मजेशीर अडचण आली. नवा प्रोसेसर घेतला, पण दुकानातला बोर्ड जुन्या बायोसचा. बायोस नवा करायला जुना प्रोसेसर हवा, आणि तो ग्राहकाकडे नाही. तेव्हा एएमडीने ग्राहकांना एक जुना प्रोसेसर उसना द्यायला सुरुवात केली. बायोस करून घ्या आणि परत पाठवा.

मे २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की येणारे ५००० मालिकेचे प्रोसेसर बी-४५० सारख्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण दिलं जागेचं. बऱ्याच बोर्डांवरची बायोस चिप १६ मेगाबाइटची, तीत सगळ्या पिढ्यांची ओळख मावत नाही. आयबीएमच्या ८ किलोबाइटच्या दोन हजार पट जागा, तरी अपुरी! लोक चिडले. वचनावर विसंबून बोर्ड घेतलेले सामान्य ग्राहक होते ते. दोन आठवड्यांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. बायोस मिळेल, पण काही बोर्डांवर त्यातून जुन्या प्रोसेसरांची नावं गाळावी लागतील आणि मागे फिरता येईलच असं नाही. पुढे २०२२ मध्ये त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही परवानगी मिळाली.

त्या वेळी ते लोक बोलले नसते, तर आमच्या घरचा बोर्ड भंगारात गेला असता आणि मुलाची ईदी प्रोसेसरसोबत नव्या बोर्डावरही गेली असती.

तपकीर गल्ली ते गणेशखिंड

त्या रविवारी आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जुना प्रोसेसर परत बसवला. बोर्डावर छापलेलं नेमकं मॉडेल आणि आवृत्ती पाहून त्याच्याच कंपनीच्या पानावरून बायोसची फाइल घेतली. तिथल्या सूचना पूर्ण वाचल्या, कारण काही बोर्डांना आधी मधली एखादी आवृत्ती भरावी लागते. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. आमच्या कोंढव्यात रविवारी लाइटचा भरवसा नाही, म्हणून शेजाऱ्यांकडून यूपीएस मागून आणला. लिहिणं अर्धवट असताना वीज गेली तर तख्ती ना जुनी राहते ना नवी. पाच-सहा मिनिटं घरात कुणी बोललं नाही. बायकोने मिक्सरसुद्धा लावला नाही.

मग यंत्र पूर्ण बंद केलं. कूलर सरळ वर ओढला नाही, आधी हलकेच पिळून सैल केला. पेस्ट सुकलेली असली की कूलरसोबत प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. त्रिकोणाची खूण जुळवून नवा बसवला, ताजी पेस्ट लावली, बटण दाबलं. पुन्हा काळी स्क्रीन. मी तोंड उघडणार एवढ्यात मुलगा म्हणाला, "अब्बा, रुको. मेमरी ट्रेनिंग चल रही है." मिनिटभराने चित्र आलं.

हे त्याला मी शिकवलं नव्हतं, त्याच्या शाळेनेही नाही. मी बीएड केलेला माणूस, वीस वर्षं मुलांना 'कृतीतून शिक्षण' सांगत आलो. आणि ते माझ्याच घरात फरशीवर चाललेलं असताना मी त्याला वाया जाणं म्हणत होतो.

आपल्या वस्त्यांत अशी मुलं खूप आहेत. मोबाइलचा बोर्ड भिंगाखाली घेऊन चिप उचलणारी, लॅपटॉपचा बायोस प्रोग्रॅमर लावून पुन्हा भरणारी. २००६ च्या सच्चर अहवालाने नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांचा मोठा वाटा स्वयंरोजगारात आणि कारागिरीत आहे, नियमित पगारी नोकरीत कमी. कारागिरी कमी प्रतीची आहे असं मला म्हणायचं नाही. पण तपकीर गल्लीतून सी-डॅकपर्यंत काही किलोमीटरचंच अंतर आहे, आणि तिथल्या अभ्यासक्रमाला पदवी लागते. बायोस भरणाऱ्या मुलाला बायोस लिहिण्यापर्यंत जायचं असेल तर मध्ये आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीचा प्रवेश आहे. ही वाट त्याला कुणी सांगत नाही. घरचे म्हणतात दुकान टाक, आणि माझ्यासारखे शिक्षक म्हणतात गेम बंद कर.

दोष फक्त घरच्यांचा नाही. वाट सांगूनही फी, भाषा आणि मुलाखतीतलं आडनाव आडवं येतं, हे आपण सगळे जाणतो. पण निदान आपल्या बाजूची तख्ती तरी आपण पुसून लिहू शकतो.

मी मुलाला एक काम दिलंय. त्या दिवशी जे केलं ते मराठीत आणि उर्दूत, पायरी पायरीने वहीत लिहून काढायचं. चार पानं झालीत. दोन्ही भाषांत एका शब्दापाशी तो अडला : फर्मवेअरला काय म्हणायचं? मीही दोन दिवस शब्दकोश चाळला. शेवटी दोघांनी ठरवलं, फर्मवेअरच म्हणू. पुढच्या रविवारी शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर उघडायचा आहे. ज्यांनी यूपीएस दिला होता, त्यांचाच.